औषधाने येणारा मेंदूज्वर

मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा या गृहस्थाने दुखण्याखुपण्याविषयी बोलायचे कारण काय, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. कारण एवढेच, की आमच्या घरात एक आजार आला, एकदा नव्हे तर दोनदा आला, आणि त्याचे मूळ शोधताना डॉक्टरांची जी दमछाक झाली ती मी खाटेशेजारी बसून पाहिली. वीस वर्षे जे मी फळ्यावर खडूने लिहीत आलो, ते तिथे जिवंत माणसावर चाललेले होते. पुढे त्या डॉक्टरांकडून आणि पुस्तकांतून मी हा विषय समजून घेतला. आज बोलतो आहे ते त्या आधारावर.

आजार माझ्या वहिनींचा. आमचे घर शेतकऱ्याचे. थोरले बंधू, म्हणजे दादा, आणि वहिनी गावी शेती पाहतात. आषाढात भांगलणीचे दिवस होते. दिवसदिवस वाकून वहिनींची कंबर धरली. गावातल्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ घेऊ लागल्या. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. तापासाठी म्हणून त्याच गोळ्या आणखी दोन घेतल्या. गावच्या डॉक्टरांनी जंतुनाशक औषधही दिले. रात्री डोके असे ठणकू लागले की त्या भिंतीला डोके टेकून बसल्या. ओकाऱ्या झाल्या. दिव्याकडे बघवेना. पहाटे दादांनी उठवून बसवायला पाहिले तर मान पुढे वाकेना, लाकडासारखी ताठ.

ताप, असह्य डोकेदुखी आणि ताठलेली मान, ही तीन एकत्र दिसली की एक मिनिट वाया घालवू नये. पुढे मी काहीही सांगितले तरी श्रोत्यांनी हे पहिले वाक्य विसरू नये. दादांनी ते केले. शेजाऱ्याची जीप काढून जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात वहिनींना नेले. पण तिथे पोचल्यावर दोन तास गेले ते वेगळ्याच कारणाने. डॉक्टर म्हणाले, "पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल." दादा म्हणाले, "ते काय जमायचं न्हाई. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो." मी जाऊन पोचेपर्यंत हा वाद चाललेला होता. सही मी केली, पण खरे सांगायचे तर माझाही हात जरा थरथरलाच.

ही भीती आपल्याकडे घरोघर आहे, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द सांगतो. आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातून खाली जाणारी मज्जारज्जू ही दोन्ही तीन पातळ-जाड पडद्यांत गुंडाळलेली असतात. या पडद्यांच्या आत स्वच्छ, नितळ पाणी खेळत असते. मोठ्या माणसात ते सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे दीड चहाच्या कपाएवढे असते. शरीर ते सारखे नवे तयार करते. दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास. तपासणीला घेतात ते काही थेंब, फार तर दोन-तीन चमचे, आणि ते काही तासांत भरून निघते. सुई टोचतात ती कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये, आणि मज्जारज्जू तर त्याच्या वरच संपलेली असते. ही रीत जर्मनीतल्या हाइनरिख क्विंके या डॉक्टरने १८९१ साली रूढ केली. ती आता सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. मग लुळे पडण्याची गोष्ट आली कोठून? माझा तर्क असा की, हे पाणी ज्यांचे काढतात ते रोगी आधीच गंभीर असतात. त्यांच्यापैकी काही जण त्या रोगानेच लुळे पडतात किंवा दगावतात, आणि दोष सुईला लागतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, त्यातला प्रकार. सुई टोचल्यावर काहींचे डोके एक-दोन दिवस दुखते, हे मात्र खरे. आणि मेंदूवर दाब वाढल्याची शंका असली तर डॉक्टर आधी डोक्याचा फोटो काढून घेतात, घाई करीत नाहीत.

तर या पडद्यांना सूज आली की तिला इंग्रजी वैद्यकात मेनिंजायटिस म्हणतात. आपण सरसकट मेंदूज्वर म्हणतो. शास्त्रीदृष्ट्या हा शब्द थोडा ढिला आहे. मेंदूच्याच सुजेलाही लोक तेच नाव देतात. पण आज बोलण्याच्या सोयीसाठी पडद्यांच्या सुजेला मी मेंदूज्वर म्हणणार आहे. ती सूज बहुधा जंतूंमुळे येते. जिवाणूंमुळे आली तर रोगी काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो, आणि वाचला तरी बहिरेपणासारखे व्यंग मागे राहू शकते. क्षयाच्या जंतूंनी आली तर ती हळूहळू, आठवड्या-आठवड्यांनी वाढते, आणि तिचे औषध महिनोन् महिने घ्यावे लागते. विषाणूंमुळे आली तर पुष्कळदा आपली आपण बरी होते. कोणती सूज आहे हे ते पाणी सांगते. निरोगी पाण्यात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. एका घन मिलिमीटरमध्ये पाचापेक्षा कमी. जिवाणूंचा हल्ला असला की त्या शेकड्यांनी, हजारांनी दिसतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य न्यूट्रोफिल जातीच्या, म्हणजे जिवाणूंशी पहिल्या फळीत लढणाऱ्या असतात. पाण्यातली साखर घटते, प्रथिने वाढतात. विषाणू असले तर लिंफोसाइट जातीच्या पेशी जास्त, आणि साखर बहुधा जागच्या जागी. क्षयात लिंफोसाइट जास्त, पण साखर घटलेली.

वहिनींच्या पाण्यात पेशी आठशेंवर निघाल्या. बहुसंख्य न्यूट्रोफिल. प्रथिने वाढलेली. डॉक्टरांनी तत्काळ शिरेतून जंतुनाशक औषधे सुरू केली. चमत्कार असा की तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उठून बसल्या आणि चहा मागू लागल्या. पाण्यातले जंतू वाढवून पाहण्याची जी तपासणी असते, कल्चर म्हणतात तिला, तिच्यात काहीही उगवले नाही. एकच गोष्ट डॉक्टरांना खटकत होती. पाण्यातली साखर घटलेली नव्हती. पण गावच्या डॉक्टरांनी आधीच जंतुनाशक दिलेले होते, त्यामुळे जंतू अर्धेमुर्धे मेले असतील आणि चित्र पुसट झाले असेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकीचा म्हणता येत नाही. आपल्याकडे तसे नेहमी घडते. दहा दिवस इंजेक्शने झाली, वहिनी घरी आल्या, कुलदैवताला नारळ फुटला, प्रकरण मिटले.

आता ही गोष्ट थोडी बाजूला ठेवून मी आपल्याला जरा मागे नेतो, कारण या विषयाचा इतिहास मोठा मौजेचा आहे.

१९२५ साली आर्विड वालग्रेन नावाच्या स्वीडनमधल्या बालरोगतज्ज्ञाने मेंदूज्वराचा एक वेगळा प्रकार वर्णन केला. ताप येतो, मान ताठते, पाण्यात पेशी वाढतात, पण त्यात जिवाणू सापडत नाहीत आणि रोगी लवकर बरा होतो. याला त्याने 'असेप्टिक' म्हटले. असेप्टिक म्हणजे निर्जंतुक. तर्कशास्त्राच्या शिक्षकाला हे नाव पाहताच हसू येते. ही नकारार्थी व्याख्या झाली. 'घोडा म्हणजे काय, तर जी गाय नव्हे' असे म्हटल्यासारखे. यात काय नाही ते कळले, काय आहे ते कळले नाही. पुढे समजले की या निर्जंतुक म्हटलेल्यांपैकी बरेचसे विषाणूंचे असतात, म्हणजे निर्जंतुक हे नावही पुरते खरे नाही. तरी नाव टिकले, आणि त्या पिशवीत जे जे उरते ते सारे आजही टाकले जाते.

दुसरी गोष्ट सल्फा औषधांची. आपल्यापैकी वयस्कर मंडळींना सल्फाच्या गोळ्या आठवत असतील. १९३५ साली जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांनी या औषधांचा गुण जगापुढे मांडला. त्याआधी जिवाणूंचा मेंदूज्वर म्हणजे बहुतेक मृत्यूच होता. घोड्यांपासून तयार केलेले सीरम टोचायचे, त्याने काही वाचायचे, पुष्कळ जायचे. १९३७ साली अमेरिकेत मेंदूज्वराच्या रोग्यांना सल्फा दिले आणि माणसे उठून चालू लागली. मेंदूज्वरावर पहिले हुकमी औषध कोणते, तर सल्फा. आणि बघा, १९६३ साली याच सल्फा घराण्यातल्या एका औषधाने मेंदूज्वर झाल्याची नोंद अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे १९८३ साली सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम यांच्या जोडगोळीबद्दल तसेच निघाले. ही जोडगोळी आपल्याकडे लघवीच्या विकारांसाठी, जुलाबांसाठी वर्षानुवर्षे दिली गेली आहे. ज्याने रोग बरा केला त्याच्याच घराण्यातून रोगाचे सोंग घेऊन कोणीतरी आले.

तिसरी गोष्ट आयब्युप्रोफेनची. स्ट्यूअर्ट अॅडम्स नावाचा इंग्लंडमधला संशोधक अॅस्पिरिनपेक्षा पोटाला सोसेल असे सांधेदुखीचे औषध शोधत होता. कित्येक वर्षांच्या खटाटोपानंतर त्याला आयब्युप्रोफेन सापडले. एका मेजवानीनंतर दुसऱ्या दिवशी भाषण करायचे आणि डोके तर ठणकते आहे, म्हणून त्याने ते स्वतःवरच करून पाहिले, असे तो सांगे. इंग्लंडमध्ये ते १९६९ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागले आणि १९८३ साली चिठ्ठीशिवाय. औषध गुणाचे आहे. जगभर कोट्यवधी माणसे ते घेतात आणि त्यांना काही होत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर उद्या कोणी माझ्या भाषणाचा हवाला देऊन घरातल्या सगळ्या गोळ्या उकिरड्यावर फेकायचा. पण १९७८ साली अमेरिकेत एक रुग्ण आढळला. त्याला ल्यूपस नावाचा आजार होता. यात शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते. त्या रुग्णाला आयब्युप्रोफेनने मेंदूज्वर झाला. तेव्हापासून अशा नोंदी वाढत गेल्या. आज या प्रकारच्या दुष्परिणामात वेदनाशामकांमध्ये सर्वांत जास्त वेळा नाव येते ते आयब्युप्रोफेनचेच. ल्यूपस असणाऱ्यांना धोका अधिक, पण नसणाऱ्यांनाही तो होऊ शकतो.

याच यादीत आणखी काही औषधे आहेत. अॅमॉक्सिसिलिनसारखी जंतुनाशके आहेत. शिरेतून देतात ती इम्युनोग्लोब्युलिन आहेत, त्यांचा त्रास बहुधा दोन दिवसांच्या आत दिसतो. फिटांवर देतात त्या लॅमोट्रिजीन या औषधाबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने २०१० साली इशारा दिला. पाठीच्या कण्यात टोचायची काही औषधेही आहेत. ती तर पडद्यांना सरळसरळ चुरचुरतात. पोटातून जाणाऱ्या औषधांचे तसे नाही. तिथे शरीराची संरक्षणव्यवस्था त्या औषधाला शत्रू समजते आणि पडद्यांपाशी लढाई मांडते, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. एखाद्याला शेंगदाणा बाधावा, तसे. फिटांची गोळी मात्र कोणी हे ऐकून आपल्या मनाने बंद करू नये. तिने झालेले नुकसान मोठे असेल.

आता पुन्हा वहिनींकडे वळू.

मार्गशीर्षातली गोष्ट. वहिनी ठणठणीत होत्या. दिवसभर चालल्यामुळे गुडघे दुखत होते, बाकी काही नाही. जेवून गोळी घेतली. तीन तासांत हुडहुडी, डोके, ओकारी, मान. सगळे तेच. पुन्हा जीप, पुन्हा तेच रुग्णालय, पुन्हा सुई. या वेळी दादा काही बोलले नाहीत. पाण्यात पेशी पुन्हा शेकड्यांनी. आता डॉक्टर मंडळी चिंतेत पडली. मेंदूज्वर चार-पाच महिन्यांत दुसऱ्यांदा का यावा? कवटीला कोठे बारीक चीर आहे का, कान-नाकातून वाट आहे का, क्षय तर नाही? डोक्याचे फोटो झाले. क्षयाच्या जंतूची तपासणी गेली. क्षयाची औषधे सुरू करावीत काय, यावर मोठ्या डॉक्टरांची चर्चा चाललेली मी ऐकली. नऊ महिने ते वर्षभर औषधे! घरी आमची आई वेगळेच म्हणू लागली होती. ते इथे सांगत नाही, पण श्रोत्यांनी ओळखले असेल.

मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर बाई होत्या. रात्री अकरा वाजता त्या खाटेवर येऊन बसल्या आणि विचारू लागल्या. पहिला प्रश्न नेहमीचाच.

"औषध कोणतं चालू आहे का?"

वहिनी म्हणाल्या, "न्हाई बाई, औषध कुठलं? मला काय आजार हाय?"

हाच प्रश्न आषाढातही विचारला गेला होता, हेच उत्तर मिळाले होते आणि हेच कागदावर लिहिले गेले होते. वहिनी खोटे बोलत नव्हत्या. आमच्याकडे औषध म्हणजे डॉक्टर आजारावर देतो ते. बाटलीतले, नाहीतर इंजेक्शन, नाहीतर रोजच्या रोज घ्यायची रक्तदाबाची. कंबर दुखली म्हणून दुकानातून आणून चघळली, ती 'गोळी'. ती औषधात धरत नाहीत, जशी तपकीर जेवणात धरत नाहीत. पण या डॉक्टर बाई आपल्याच भागातल्या असाव्यात. त्यांनी प्रश्न बदलला.

"बरं, ताप यायच्या आधी अंग दुखतंय, डोकं दुखतंय म्हणून गोळी-बिळी खाल्ली होती का?"

"ती व्हय, ती खाल्ली की! गुडघ्यासाठी."

"आषाढात?"

"तवा बी खाल्ली. कंबरंसाठी."

माझी पुतणी तिथेच होती. दुसऱ्या दिवशी तिने घरून फडताळातला पत्र्याचा डबा आणला. त्यात दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांची पाकिटे निघाली. आषाढातली लाल पट्टीची, मार्गशीर्षातली निळी. नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण मागे बारीक इंग्रजी अक्षरांत जो मजकूर असतो तो चष्मा लावून वाचला, तर दोन्हींत एकच. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. वहिनींच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोळ्या होत्या. उलट लाल बाधली असेल म्हणून या वेळी निळी आणली, असे त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांना शंका आली होती! विचारले कोणी नव्हते, म्हणून सांगितली नाही.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी त्या डॉक्टर बाईंना म्हटले, "गोळी घेतल्यावर ताप आला म्हणून गोळीने ताप आला, हा तर काकतालीय न्याय झाला. कशावरून गोळीनेच?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, आमची सगळी अडचण तीच आहे." मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मी आता वर्गात उदाहरण म्हणून सांगतो.

अडचण पहिली. ही गोळी माणूस घेतो केव्हा? ताप आला, डोके दुखले म्हणजे. मेंदूज्वराची सुरुवातही तापाने आणि डोकेदुखीनेच होते. मग आधी काय झाले? रोग आला म्हणून गोळी घेतली, की गोळी घेतली म्हणून रोग आला? आषाढात हा गोंधळ होताच. गोळी कमरेसाठी सुरू झाली होती, पण तापानंतरही तीच चालू होती. मार्गशीर्षात मात्र गोष्ट स्वच्छ होती. ताप नाही, डोके नाही, फक्त गुडघे. गोळी घेतली आणि तीन तासांत सगळे उभे राहिले. पहिल्या वेळी दिवस लागले होते, दुसऱ्या वेळी तास पुरले. शरीराने एकदा शत्रू ओळखला की पुढच्या वेळी ते तयारच असते. या आजारात असे पुष्कळदा दिसते.

अडचण दुसरी. औषधाच्या मेंदूज्वराची अशी स्वतःची खूण नाही. पाण्यात पेशी वाढतात, आणि त्या पुष्कळदा न्यूट्रोफिलच असतात, म्हणजे हुबेहूब जिवाणूंच्या मेंदूज्वरासारख्या. साखर बहुतेक वेळा घटत नाही, एवढा एक धागा. कल्चर रिकामे येते, पण आधी जंतुनाशक घेतलेल्या रोग्याचेही रिकामे येऊ शकते. ही गोळीच दोषी, असे ठामपणे सांगणारी रक्ताची तपासणी नाही. तेव्हा एकेक करून बाकीच्यांना वगळायचे आणि शेवटी जे उरेल ते धरायचे. आपल्या न्यायशास्त्रात याला परिशेष म्हणतात. वर्गात हे सोपे असते, कारण फळ्यावर मी चारच पर्याय लिहितो आणि तीन खोडतो. खाटेवरच्या माणसाचे पर्याय किती हे कोणी लिहून दिलेले नसते. आणि त्यांतला एक पर्याय असा, की तो चुकून खोडला तर माणूस दगावेल.

म्हणून, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटले, गोळीचा उलगडा झाला तरी डॉक्टर बाईंनी जंतुनाशक औषधे त्या रात्री बंद केली नाहीत. गोळी तेवढी थांबवली. मी विचारले, "आता तर कळलं ना?" त्या म्हणाल्या, "कळलं असं वाटतंय. कल्चर येईपर्यंत वाटण्यावर जीव टांगता येत नाही." कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. तोवर वहिनींचा ताप उतरला, मान सैल झाली. तिसऱ्या दिवशी कल्चर रिकामे आले. क्षयाचे तपासही रिकामे आले. त्यानंतरच इंजेक्शने थांबली. क्षयाची औषधे सुरूच झाली नाहीत. तर्कशास्त्रात अनुमान चुकले तर गुण जातात. तिथे काय जाते ते त्या बाईंना ठाऊक होते, म्हणून अनुमान पक्के होईपर्यंत त्यांनी दोन्ही दोर हातात ठेवले.

अन्वय आणि व्यतिरेक अशी आपल्याकडे कारण ठरवण्याची जुनी कसोटी आहे. ते असले की हे असते, ते नसले की हे नसते. गोळी दोनदा घेतली, दोनदा आजार आला. मधले महिने गोळी नाही, आजार नाही. गोळी थांबवली, आजार ओसरला. आमच्या दादांना मात्र एवढ्याने समाधान नव्हते. ते म्हणाले, "मग आणखी एक गोळी देऊन बघा की. आला ताप तर पक्कं झालं!" दादा शाळा सातवीपर्यंत शिकले, पण शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड होते. पुन्हा औषध देऊन पाहिले की निदान सर्वांत पक्के होते, हे खरेच आहे. पण डॉक्टर बाई म्हणाल्या, "दादा, तुमच्या शंकेसाठी वहिनींना तिसऱ्यांदा इथं आणायचं नाही." जगात जी पक्की उदाहरणे छापली गेली आहेत त्यांतली बरीच अशीच, रोग्याने नकळत पुन्हा तीच गोळी घेतल्यामुळे पक्की झालेली आहेत. आमचेही तसेच झाले, म्हणा. स्पेनमधल्या दोन डॉक्टरांनी १९९९ साली अशी उदाहरणे गोळा करून त्यांचा आढावा घेतला आणि २०१४ साली त्याच विषयावर पुन्हा लिहिले. पंधरा वर्षांनीही अडचण तीच.

आज ऐकणाऱ्यांत शाळामास्तर पुष्कळ असतील, म्हणून त्यांच्यापुरते थोडे बोलतो. गावात औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचता येणारी माणसे थोडी असतात, आणि त्यांतले एक म्हणजे मास्तर किंवा बाई. लोक आपल्याकडे चिठ्ठ्या घेऊन येतातच. कोणाला रुग्णालयात न्यायची वेळ आली तर घरातल्या गोळ्यांची रिकामी-भरली सगळी पाकिटे पिशवीत घालून बरोबर द्या. दुकानदार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव दिसते आणि घटक कापले जातात, किंवा उलट. म्हणून अख्खे पाकीट नसेल तर दुकानातून नाव लिहून आणावे. गेल्या महिनाभरात काय काय पोटात गेले ते तारखेसह कागदावर लिहावे. आणि विचारताना 'औषध' हा शब्द वापरू नये. गोळी, पुडी, मात्रा, इंजेक्शन, सलाईन, असे एकेक नाव घेऊन विचारावे. मी आमच्या गल्लीत चार घरी हा प्रयोग केला. 'औषध चालू आहे का' याला चारही घरी 'नाही'. 'गोळी' म्हटल्यावर तीन घरी डबे उघडले.

औषधाने त्रास झाल्याची शंका असली तर ती कळवण्याची सोयही आपल्या देशात आहे, हे मला या प्रकरणानंतरच कळले. २०१० सालापासून केंद्र सरकारची औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारी योजना चालते. तिचे मुख्य ठिकाण गाझियाबादला आहे. पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालयांत तिची केंद्रे आहेत आणि रोग्याला स्वतःलाही कळवता येते. डॉक्टर बाईंनी वहिनींचा फॉर्म भरला. दादांनी विचारले, "याचं पैसे मिळत्यात का?" नाही मिळत. पण अशा नोंदी साठल्या नसत्या तर आयब्युप्रोफेनचे नाव त्या रात्री त्यांच्या तरी कसे लक्षात आले असते?

घरी सोडताना त्यांनी वहिनींना ल्यूपससाठी रक्त तपासायला सांगितले. ते निर्दोष निघाले. सांधे सुजले, तोंडावर चट्टे आले तर पुन्हा दाखवायचे ठरले आहे. एका जाड कागदावर त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिले, 'यांना आयब्युप्रोफेन देऊ नये, या जातीची इतर वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.' तो कागद वहिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डात ठेवला आहे, कारण घरातून कोठेही जाताना रेशनकार्ड बरोबर असते. गुडघे आता दुखले तर डॉक्टरांनी सांगितलेली साधी पॅरासिटामॉल, आणि विटकरीचा शेक. दुकानदाराला त्या आधी पाकिटाची मागची बाजू दाखवायला लावतात. त्यांना इंग्रजी येत नाही, पण 'आयब्युप्रोफेन' हा शब्द कसा दिसतो तेवढे पुतणीने गिरवून शिकवले आहे.